तालुक्याच्या कॉलेजचा इतिहास कसा लिहायचा

कॉलेजला २५ नाहीतर ५० वर्षं होणार असतात, स्मरणिका काढायचं ठरतं, मिटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग कोणीतरी म्हणतं, इतिहासाचा लेख तू लिही, तू इथलीच ना. माझ्यावर ते काम असंच आलं. उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी शिकले, आता हायर सेकंडरीत शिकवते, इतिहास माझा विषय नव्हे, तरी दीड वर्ष त्या कामात गेलं आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवतेय. बऱ्याच स्मरणिकांमध्ये तेच चार पानी लेख असतात, संस्थापकांचा फोटो, प्राचार्यांची यादी, इमारतीचं उद्घाटन, निकालाची टक्केवारी, संपलं. ते सगळं लागतंच, पण ते वाचून कॉलेज का काढावं लागलं आणि आजूबाजूच्या गावांत त्यामुळे काय बदललं ते कळत नाही.

म्हणून आधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा. हे कॉलेज नसतं तर कोण शिकलं नसतं? पुढे कुठलाही कागद हातात आला की त्याला हा प्रश्न विचारायचा. पैसेवाल्यांची मुलं पणजीला, मडगावला, मुंबईला गेलीच असती, त्यांचं काही अडलं नसतं. पण शेवटच्या बसनंतर घरी पोचायला दुसरं साधन नाही अशा वाड्यावरची मुलगी, सकाळी काजूच्या बागेत काम करून येणारा मुलगा, यांच्यासाठी १०-१२ किलोमीटरवर कॉलेज असणं म्हणजेच कॉलेज असणं.

अमेरिकेत याच कामासाठी वेगळं नाव आहे, कम्युनिटी कॉलेज. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज सुरू झालं ते ६ विद्यार्थ्यांवर, कल्पना साधी होती की मुलांनी घरी राहून आपल्याच गावात पहिली दोन वर्षं शिकावं. आपल्याकडे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१३ च्या सुमाराला त्याच नावाची स्कीम आणली, ती स्थानिक कामधंद्याला लागणाऱ्या डिप्लोमा-सर्टिफिकेट कोर्सची. पण नाव न लावता गोव्यातली तालुक्याची कॉलेजं हे काम आधीपासून करत आलीत, घरचं जेवून, घरच्या छपराखाली झोपून बीए, बीकॉम. त्यामुळे तुमच्या कॉलेजच्या नावात कम्युनिटी असो वा नसो, लिहायची पद्धत तीच.

आधी कॉलेजच्या जन्मापासून मागे जा

सगळे लेख "अमुक साली कॉलेजची स्थापना झाली" इथून सुरू होतात, तिथेच चूक होते. कॉलेज एका दिवसात उगवत नाही, त्याआधी १०-१२ वर्षं कुठेतरी शाळा सुरू झालेली असते.

गोव्याचं थोडक्यात असं आहे. पोर्तुगीज काळात पणजीत १८४२ पासून मेडिकल स्कूल होतं, १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाची माध्यमिक शाळा, होतं, पण बीए किंवा बीएस्सी करायचं तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. म्हणजे ज्याच्या घरी बाहेरगावी ठेवण्याइतके पैसे किंवा तिथे मामा-काका, तोच जाणार. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि सहाच महिन्यांनी, जून १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले अशी दोन कॉलेजं उभी राहिली, दोन्ही बॉम्बे युनिव्हर्सिटीशी संलग्न. १९६३ ला म्हापशात सेंट झेवियर्स, १९६४ ला नुवेत मुलींसाठी कार्मेल, १९६५ ला पणजीत बॉम्बे युनिव्हर्सिटीचं पीजी सेंटर. आता नकाशा घेऊन ही गावं बघा. सगळी जुन्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगीजांनी सगळ्यात आधी घेतलेल्या भागातली, पणजी, म्हापसा, मडगाव आणि त्यांच्या आसपासची. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण कोरेच. साखळी, खांडोळा, केपे, पेडण्यातलं विर्नोडा इथली सरकारी कॉलेजं यायला पुढे बराच काळ गेला.

तो काळ का गेला याचं उत्तर प्राथमिक शाळांत आहे. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने खेड्यापाड्यांत, कुठे देवळाच्या सभामंडपात तर कुठे कोणाच्या घराच्या ओसरीवर, मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आता बोटांवर हिशोब करा, १९६४ च्या जूनला पहिलीत बसलेलं मूल एसएससीला पोचतं ते १९७४-७५ ला, तेही मध्ये कुठे गळलं नाही तर. म्हणजे तालुक्यात कॉलेज हवं अशी मागणी सत्तरच्या दशकाच्या शेवटी जोर धरते ती अचानक नाही, पहिलीतल्या त्या मुलांना तिथपर्यंत यायला तेवढी वर्षं लागली. तुमच्या भागातलं पहिलं हायस्कूल कधी सुरू झालं, पहिली एसएससीची बॅच कधी बसली, किती पोरं पास झाली आणि त्यातली किती पुढे शिकायला बाहेर गेली हे त्या हायस्कूलच्या रजिस्टरमधून काढा. त्या एका पानाशिवाय कॉलेजचा इतिहास लंगडा राहतो असं माझं ठाम मत आहे.

कागद कुठे मिळतात

कॉलेजच्या ऑफिसात जा आणि पहिल्या दिवशी काहीही मागू नका. खरंच. हेडक्लार्कना आणि जुन्या शिपायांना भेटा, चहा घ्या, काय करताय ते सांगा, कपाटं कुठली कुठे आहेत ते विचारा. प्राचार्यांचं परवानगीपत्र लेखी घ्या पण कपाटाची किल्ली शेवटी यांच्याकडेच असते, आणि कुठलं बाड कुठल्या पत्र्याच्या पेटीत गेलं हे फक्त यांनाच आठवतं.

मग हे शोधा. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाचं मोठं रजिस्टर, हे सोनं आहे, त्याच्यावर पुढे वेगळं लिहिते. संस्थेच्या मिटिंगांचं मिनिट बुक, त्यात भांडणं पण असतात आणि ती वाचायलाच हवीत. दर वर्षीचं प्रॉस्पेक्टस, त्यात फी आणि विषय असतात. कॉलेजचा वार्षिकांक, ज्यात मुलांनी लिहिलेल्या कवितांपेक्षा मागच्या पानांवरचा वार्षिक अहवाल आपल्या कामाचा. डेड स्टॉक रजिस्टर, ज्यात बाकं, टाइपरायटर, पंखे, पाण्याची टाकी कधी आली ते तारखेनिशी असतं, आणि पहिल्या वर्षी वर्गात किती बाकं होती हे कळलं की वर्ग डोळ्यासमोर उभा राहतो.

लायब्ररीचं अ‍ॅक्सेशन रजिस्टर कोणी बघतच नाही. त्यात पुस्तक क्रमांक १ पासून प्रत्येक पुस्तक, तारीख, किंमत, विकत घेतलं की देणगी, सगळं ओळीने असतं. आमच्याकडे सुरुवातीच्या पानांवर विकत घेतलेली पुस्तकं थोडी आणि देणगीतली जास्त होती, गावातल्या शिक्षकांनी, एका डॉक्टरांनी, मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेली. कॉलेज लोकांनी उभारलं असं आपण भाषणात म्हणतो, त्याचा पुरावा त्या पानावर शाईने लिहिलेला आहे.

जमिनीचे कागद वेगळे. कॉलेजची जागा कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची होती, की भाटकाराने म्हणजे जमीनदाराने दिली, की सरकारने संपादन केली हे शोधायला एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढा, त्याच्याही मागे जायचं असेल तर पोर्तुगीजमधले कागद लागतील आणि ते वाचून देणारं माणूस प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरं अजून आहे, वयस्कर आहेत, लवकर गाठा. जागेवरून वाद झाला असेल तर तोही लिहा, कोणाचं कुळ होतं, कोणी काजूची झाडं सोडली. जमीन देणाऱ्याचं नाव संगमरवरावर असतं, जमीन सोडणाऱ्याचं कुठेच नसतं.

संलग्नतेच्या बाबतीत १९८५ ही रेघ लक्षात ठेवा. १९८४ च्या कायद्याने गोवा युनिव्हर्सिटी झाली आणि १ जून १९८५ पासून तिचं काम सुरू झालं. त्याआधी सुरू झालेल्या कॉलेजचा संलग्नतेचा पत्रव्यवहार मुंबईशी आहे, नंतरच्याचा ताळगाव पठारावरच्या गोवा युनिव्हर्सिटीशी. जुन्या विद्यार्थ्यांच्या डिग्रीवर बॉम्बे युनिव्हर्सिटी आणि पाठच्या भावाच्या डिग्रीवर गोवा युनिव्हर्सिटी असं एकाच घरात सापडतं, दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी ठेवून फोटो काढा, छान पान होतं. तसंच २७ मे १९७५ ला गोवा बोर्ड झालं, त्याआधी एसएससी पुणे बोर्डाची आणि कॉलेजात "इंटर", म्हणजे डिग्रीच्या चारपैकी दुसरं वर्ष, असायचं. आजचा मुलगा इंटर म्हणजे काय विचारेल, एका ओळीत सांगून टाका.

बाहेरचे कागद पण आहेत. शासकीय राजपत्र ऑनलाइन मिळतं, सरकारी कॉलेज असेल तर पदं कधी मंजूर झाली ते त्यात सापडतं. विधानसभेत आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांना जोडलेले तक्ते बघा, कॉलेजवार विद्यार्थीसंख्या, रिकाम्या जागा, बऱ्याचदा तिथे मिळतात. उच्च शिक्षण संचालनालय पर्वरीला आहे, तिथे आधी साधं पत्र द्या, नाहीच मिळालं तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला दिलेले सेल्फ स्टडी रिपोर्ट कॉलेजच्या वेबसाइटवर असतात, आकड्यांसाठी उपयोगी, पण त्यातला "संस्थेचा इतिहास" हा परिच्छेद पुढच्या रिपोर्टात जसाच्या तसा उतरवलेला असू शकतो, त्यात एकदा चूक शिरली की ती कायमची, म्हणून तारखा त्यावरून घेऊ नका.

वर्तमानपत्रांसाठी पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ पासूनची संस्था आहे ही, आणि जुने गोमन्तक, राष्ट्रमत, नवप्रभा यांच्या बांधीव फाइली बघायला आधी तिथेच विचारा. सगळी वर्षं चाळायला गेलात तर आयुष्य जाईल, म्हणून मे आणि जून महिने आधी घ्या, तेव्हा प्रवेशाच्या जाहिराती येतात, त्यात विषय, फी, कधी कधी "मुलींसाठी वसतिगृहाची सोय" अशी ओळ. मग निकालाचे दिवस. मग वाचकांची पत्रं, बस येत नाही, वर्ग गळतो, प्राध्यापक मिळत नाहीत या तक्रारी तिथेच असतात आणि त्या काळात कोण काय सोसत होतं ते अहवालापेक्षा त्या पत्रांतून जास्त कळतं.

एक दुखणं सांगते. आमच्या कॉलेजचं ऑफिस जुन्या जागेतून नव्या इमारतीत हलवलं तेव्हा पहिल्या काही वर्षांचे कागद "वाळवी लागलीय" म्हणून रद्दीत गेले. कोणी मुद्दाम केलं नाही, पण गेले ते गेले. मी महिनाभर हळहळत होते, मग एका रिटायर झालेल्या क्लार्कच्या घरी गेले तर त्यांच्याकडे माळ्यावर पहिल्या वर्षाच्या फी-पावत्यांची काउंटरफॉइलं होती, जपून ठेवलेली, दोऱ्याने बांधून. तेव्हा रिटायर झालेल्यांच्या माळ्यावर काय आहे हे विचारल्याशिवाय "कागद नाहीत" असं लिहू नका.

आणि हे काम पावसात करू नका. जुलैमध्ये कपाट उघडलंत तर पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की फाटतात. चवथ झाली, ऊन पडलं की सुरू करा. चिकटलेली पानं सुटी करायला वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, दोन्हींनी कागद मरतो. फोटो फोनवर काढा, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फोन कागदाच्या बरोबर वर धरून, फ्लॅश बंद. आणि फाइलला लगेच नाव द्या, वर्ष, रजिस्टर, पान नंबर. दोन हजार फोटो झाल्यावर नाव देऊ म्हणालात तर ते कधीच होत नाही.

जनरल रजिस्टर कसं वाचायचं

ह्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक ओळीत साधारण विद्यार्थ्याचं नाव, गाव, जन्मतारीख, आधीची शाळा, पालकांचा धंदा, कधी आला, कधी सोडून गेला एवढं असतं. नावं उतरवून घेऊ नका, ती खाजगी माहिती आहे, जात आणि जन्मतारीख तर मुळीच छापायची नाही. आपल्याला फक्त मोजायचंय. एका मोठ्या कागदावर गावांची यादी करा आणि वर्षावर्षाने रेघा मारत जा, मुली वेगळ्या रंगाने.

मी हे करत होते तेव्हा पहिल्या तीन-चार वर्षांत मुली बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्या सगळ्या तिठ्याजवळच्या गावांतल्या. मग एका जूनपासून आतल्या वाड्यांची नावं दिसायला लागतात, एक, मग तीन, मग आठ. मला वाटलं कोणीतरी गावोगाव फिरून प्रचार केला असेल. एका जुन्या कंडक्टरना विचारलं तर म्हणाले, बाय, त्याच वर्षी सकाळची बस आत यायला लागली. एवढंच! कागदावरचा तो चढ बसच्या वेळापत्रकाने केलेला होता. तेव्हापासून मी म्हणते की कॉलेजच्या इतिहासात बसला एक अख्खं प्रकरण द्या.

गोव्यात तर द्यायलाच हवं. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बस तिकिटात ५० टक्के सवलतीसाठी मोठं आंदोलन केलं, मोर्चे निघाले, कॉलेजं बंद पडली, आणि शेवटी अर्धं तिकीट मिळालं. त्या पिढीतल्या कोणाशीही बोला, डोळे चमकतात. १९८० मध्ये सरकारी बसचं कदंब महामंडळ आलं. १९८३ ला झुआरीवर पूल झाला. आणि ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, पुन्हा फेरीबोटीच्या रांगा. नदीपलीकडून येणाऱ्या मुलांची त्या टर्मची हजेरी तपासा. उलट तेव्हा नदीच्या अलीकडेच कॉलेज असलं तर त्या वर्षी प्रवेश वाढले का तेही बघा. खाणपट्ट्यातलं कॉलेज असेल, डिचोली, सत्तरी, सांगे, तर २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी बंद पडल्या त्या वर्षांच्या आधीचं आणि नंतरचं मोजून ठेवा, आणि किती मुलांनी मध्येच एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, नेली तेही. आकडा जे सांगेल ते लिहा, आधीच ठरवून बसू नका.

माणसांशी बोलणं

कागद झाले की माणसं, खरं तर दोन्ही एकदमच सुरू करा कारण माणसं थांबत नाहीत. माझ्या यादीतले दोघे मी "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणेपर्यंत गेले. यादीत सर्वात वयस्कर आधी, मग प्राचार्य-प्राध्यापक, पण त्यांच्याआधी मी म्हणेन शिपाई, लायब्ररी अटेंडंट, कँटीन चालवणारी बाई, कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान घातलेला माणूस. प्राध्यापक बदलून जातात, कँटीनवाली २० वर्षं तीच असते आणि कोण उपाशी तासाला बसायचं हे तिला माहीत असतं. आमच्याकडच्या बाईंनी सांगितलं की काही मुलं फक्त चहा घ्यायची आणि पाव-भाजी घेतलेल्यांच्या टेबलावर बसायची नाहीत, लाज वाटायची, मग त्या शेवटचे पाव "उरलेत, घेऊन जा" म्हणून द्यायच्या. असली गोष्ट कुठल्या अहवालात येणार?

प्रश्न कोकणीत विचारा. हे फार महत्त्वाचं आहे. आपण लिहिणार मराठीत, पण बहुतेक घरांत बोलणं कोकणी, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून पुस्तकी मराठीत "आपल्या शैक्षणिक प्रवासाबद्दल सांगा" म्हटलं की समोरचं माणूस भाषणच सुरू करतं. "तुमी कॉलेजीत कशे येताले?" एवढं विचारा आणि गप्प बसा. मला एकीने उत्तर दिलं, "चलत गो बाय, आनीक कशें!" आणि मग पाऊण तास ती वाट सांगितली, व्हाळ कुठे, साकव कुठे, पावसात चपला हातात घेऊन कुठून जायचं, कोणाच्या घरी साडी बदलायची. लिहिताना अशा दोन-तीन ओळी कोकणीतच ठेवा, भाषांतर करू नका, गोव्यातल्या मराठी वाचकाला ते कळतं आणि त्या माणसाचा आवाज राहतो.

साल विचारू नका, साल कोणालाच नीट आठवत नाही आणि जो छातीठोक सांगतो त्याचं हमखास चुकतं. त्याऐवजी खुंटी द्या. ओपिनियन पोलच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या मतदानाच्या, आधी की नंतर, म्हणजे जानेवारी १९६७. भाऊसाहेब वारले तेव्हा तुम्ही कितवीत, म्हणजे ऑगस्ट १९७३. चोगमच्या, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांच्या बैठकीच्या वेळी रस्ते झाले तेव्हा कॉलेजात होता का, म्हणजे १९८३. पूल पडला तेव्हा. कोकणी-मराठी भाषावादाची दंगल झाली तेव्हा. घटकराज्य झालं तेव्हा, म्हणजे ३० मे १९८७. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा. ख्रिस्ती घरांत जुन्या गोव्याच्या फेस्तापेक्षा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचं वर्ष पक्कं लक्षात असतं, ते दर १० वर्षांनी येतं. अशी खुंटी मिळाली की माणूस स्वतःच साल काढतो आणि ते बरोबर निघतं.

रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्या आणि ती पण रेकॉर्ड करा. पंखा बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही. एका वेळी एक तास पुरे. आणि कोणी रडलं तर फोन बाजूला ठेवा.

दोन आठवणी जुळत नसतील तर जबरदस्तीने जुळवू नका. आमच्याकडे पहिले वर्ग कुठे भरले यावर दोन मतं होती, हायस्कूलच्या शेडमध्ये की पंचायतीच्या हॉलमध्ये, आणि दोन्ही बाजूंचे लोक तितकेच ठाम. शेवटी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बाकं हलवल्याची नोंद मिळाली, म्हणजे आधी एक आणि काही महिन्यांनी दुसरं. पण अशी नोंद मिळाली नसती तर मी दोन्ही लिहिलं असतं, कोण काय म्हणतं त्यासकट.

लिहायला बसल्यावर

माझा पहिला मसुदा वाईट झाला कारण मी वर्षावर्षाने लिहीत गेले. मग फाडून वाटांनी लिहिलं, म्हणजे पहिलं प्रकरण कॉलेजच्या आधी गावातून बाहेर जाणारी वाट, कोण बेळगावला गेलं, कोण मुंबईत गिरगावात नातेवाइकांकडे राहिलं, कोण मॅट्रिकवर थांबलं. दुसरं, कॉलेजकडे येणारी वाट, बस, फेरी, पायवाट. तिसरं आतलं, वर्ग, लायब्ररी, शिक्षक. चौथं कॉलेजातून पुढे जाणारी वाट, कोण शिक्षक झालं, कोण पंचायतीत, कोण आखातात किंवा बोटीवर, कोण परत येऊन इथेच शिकवायला लागलं. तारखा त्यातच येऊन बसतात. तुम्हाला दुसरी रचना सुचली तर जरूर ती घ्या, फक्त प्राचार्यांच्या कारकिर्दींनी प्रकरणं पाडू नका, तसं केलं की विद्यार्थी गायब होतात.

वाढ म्हणजे नुसती विद्यार्थीसंख्या पण नव्हे. कुठला विषय सुरू झाला आणि कुठला बंद पडला, सायन्स कधी आलं, लॅबला पाणी कधी आलं, कायम प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती, मुली अर्ध्याहून जास्त कधी झाल्या. २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा रेंजसाठी कोण डोंगरावर जाऊन बसलं. २०२३-२४ पासून नवीन धोरणाने चार वर्षांची डिग्री आली, त्यावर मुलं आज काय म्हणतात तेही आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, २५ वर्षांनी लिहिणाऱ्याला लागेल.

बंद पडलेल्या गोष्टी लिहायला कमिटी का-कू करेल. आमच्याही कमिटीत एकाने विचारलं, हे कशाला, आनंदाचा प्रसंग आहे. मी त्यांना मुलींचं वसतिगृह चार वर्षांत का बंद पडलं ते पान वाचून दाखवलं, त्यात कोणाला दोष नव्हता, पैसे नव्हते आणि वॉर्डन मिळत नव्हती एवढंच, आणि त्या पानामुळेच एका माजी विद्यार्थिनीने परत वसतिगृहाचा विषय काढला. राहू दिलं ते पान.

छापायच्या आधी कच्ची प्रत निदान पाच जणांना वाचायला द्या आणि त्यातला एक तरी नॉन-टीचिंग असू दे. ज्यांचं बोलणं नाव घालून छापताय त्यांना त्यांचा भाग दाखवा, हो म्हणाले तरच छापा. पुस्तक झालं की दोन प्रती पाटोच्या ग्रंथालयात, एक युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, एक गावच्या वाचनालयात स्वतः नेऊन द्या. रेकॉर्डिंगं आणि स्कॅन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत, कारण ऑफिस परत कधी हलवतील सांगता येत नाही.

राहिले फोटो. जुन्या फोटोंतली निम्मी माणसं कोणाला ओळखू येत नाहीत, आणि त्यासाठी मी जे केलं ते तुम्हीही करा. जयंतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या बाहेर लांब टेबलं मांडा, फोटोंच्या मोठ्या झेरॉक्स कॉपी चिकटवा, ओरिजिनल नको, प्रत्येकाखाली कोरी जागा सोडा आणि पेन्सिली बांधून ठेवा. लोक आत भाषणाला जातच नाहीत, तिथेच थांबतात, चष्मे काढतात घालतात, फोन करून दुसऱ्याला बोलावतात, "ही आमची सुमन नव्हे गो?" करत नावं लिहितात, कोणी खोडून दुसरं लिहितं. एक विद्यार्थी तिथे फोन घेऊन उभा करा, तो फक्त ऐकत आणि रेकॉर्ड करत राहू दे. पेन्सिली दोन डझन तरी आणा, आमच्याकडे अर्ध्या तासात कमी पडल्या.